नेइग्वान : मनगटावरचे आतले नाके

गेल्या आठवड्यात आपण चिनी वैद्यकातील बारा मुख्य वाहिन्यांची तोंडओळख करून घेतली. आज त्यांपैकी एका वाहिनीवरचा एकच बिंदू घेऊ. ॲक्युपंक्चरच्या पुस्तकांत साडेतीनशेहून अधिक बिंदू दिलेले असतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९१ च्या यादीत ही संख्या ३६१ आहे. ते सगळे पाठ करण्याची वाचकांना काहीच गरज नाही. पण ज्याची जागा घरच्या घरी सापडते, ज्यावर बोटाने दाब देता येतो आणि ज्याची आधुनिक रुग्णालयांतही भरपूर तपासणी झाली आहे, असे बिंदू थोडेच. नेइग्वान त्यांतला पहिला म्हणावा लागेल. मळमळ आणि उलटी यांसाठी तो प्रसिद्ध आहे. छातीत धडधडणे, जीव घाबरणे यासाठीही तो सांगितला जातो, आणि नेमक्या त्याच कारणाने त्याच्याविषयी सावधपणे बोलावे लागते. तो भाग पुढे येईल.

आधी नावाविषयी. चिनी भाषेत 'नेइ' म्हणजे आतला आणि 'ग्वान' म्हणजे नाके, खिंडीतला किंवा वेशीवरचा दरवाजा. चीनची भिंत पूर्वेला जिथे समुद्रापर्यंत येते त्या ठाण्याचे नाव शानहाइग्वान. त्यातला 'ग्वान' हाच. नाक्यावर जशी ये-जा अडवता येते आणि सोडताही येते, तसे या जागी छीचे वहन आवरता किंवा मोकळे करता येते, अशी कल्पना. हाताच्या मागच्या बाजूला, याच्या बरोबर समोर, 'वाइग्वान' म्हणजे बाहेरचे नाके आहे. हल्लीच्या पुस्तकांत नेइग्वानला 'पीसी ६' म्हणतात. जुन्या पुस्तकांत 'पी ६' असे आढळेल. दोन्ही एकच. हृदयावरणाच्या वाहिनीवर छातीपासून मोजत आल्यास हा सहावा बिंदू, एवढाच त्या आकड्याचा अर्थ.

बिंदू फार जुना आहे. 'हुआंगदी नेइजिंग' हा चिनी वैद्यकाचा आद्य ग्रंथ साधारण दोन हजार वर्षांपूर्वीचा. त्याच्या 'लिंगशू' या भागात नेइग्वानचा नावानिशी उल्लेख असून जागाही तीच दिली आहे, जी आजचे शिक्षक दाखवतात : मनगटापासून दोन त्सुन वर, दोन शिरांच्या मधोमध.

जागा कशी शोधावी

'त्सुन' हे माप समजले की अर्धे काम झाले. त्याला भारतातली काही पुस्तके 'चिनी इंच' म्हणतात. ते दिशाभूल करणारे आहे, कारण हे माप पट्टीवरचे नाही. ते प्रत्येकाचे आपापले असते. मनगटाच्या घडीपासून कोपराच्या घडीपर्यंतचे अंतर बारा त्सुन धरतात. माणूस उंच असो की ठेंगणा, लहान मूल असो की पैलवान, अंतर बाराच. म्हणजे नेइग्वान मनगटापासून या लांबीच्या सहाव्या हिश्श्यावर येतो. आपल्याकडे शिल्पात आणि आयुर्वेदात अंगुलाचे माप जसे त्या त्या व्यक्तीच्या बोटावरून घेतात, तसाच हा प्रकार.

व्यवहारात सोपी रीत अशी. तळहात वर करावा. मनगटावर ज्या आडव्या घड्या दिसतात त्यांपैकी तळव्याला लागून असलेल्या घडीवर दुसऱ्या हाताची तीन बोटे (तर्जनी, मधले व अनामिका) आडवी ठेवावीत. अनामिकेची कड घडीला टेकली की तर्जनीच्या वरच्या कडेपाशी बिंदूची पातळी येते. बोटे मात्र ज्याचा बिंदू शोधायचा त्याचीच. आईने आपल्या तीन बोटांनी चार वर्षांच्या मुलाचा बिंदू मोजला तर ती कोपराच्या बाजूला बरीच पुढे जाईल. मुलाच्या बाबतीत सहाव्या हिश्श्याचा हिशेब बरा.

आता आडवी जागा. मूठ अर्धवट मिटून मनगट किंचित आत वाकवले की मधोमध दोन दोरीसारख्या शिरा वर येतात. वैद्यकात यांना कंडरा म्हणतात. स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या या दोऱ्या आहेत, रक्ताच्या शिरा नव्हेत. या दोन कंडरांच्या मधल्या खाचेत नेइग्वान आहे. काहींना एकच कंडरा दिसते. त्यांनी घाबरू नये. या दोहोंपैकी करंगळीच्या बाजूची कंडरा काही लोकांत जन्मतःच नसते आणि तिच्यावाचून हाताचे काही अडत नाही. अंगठा आणि करंगळी यांची टोके जुळवून मनगट वाकवले तर ती आहे की नाही ते लगेच कळते. नसेल तर जी दिसते तिच्या करंगळीकडच्या कडेला जागा धरावी. बोट तिथे टेकवून दाबले की जरा ठणकल्यासारखे, कधी तळव्याकडे मुंग्या गेल्यासारखे वाटते.

मुंग्या का येतात याला साधे कारण आहे. या खाचेच्या खालीच मीडियन नावाचा मोठा मज्जातंतू जातो. अंगठा, तर्जनी आणि मधले बोट यांची संवेदना त्याच्याकडे असते. सुईच्या संदर्भात ही गोष्ट महत्त्वाची ठरते.

चिनी वैद्य काय सांगतात

हृदय हा राजा आणि हृदयावरण त्याचा अंगरक्षक, असे चिनी वैद्यकाचे रूपक आहे. हृदयावर येणारा घाव हृदयावरण आपल्या अंगावर घेते, म्हणून हृदयाच्या तक्रारींत बरेचदा हृदयावरणाची वाहिनी हाताळायची. ही वाहिनी छातीत सुरू होते. तिची एक आतली शाखा पडद्यातून खाली पोटात उतरते, तर बाहेरची शाखा काखेजवळून हाताच्या आतल्या अंगाने मधल्या बोटाच्या टोकापर्यंत जाते. बाहेरच्या शाखेवर नऊ बिंदू आहेत. छाती आणि पोट दोन्हींशी संबंध असल्यामुळे मनगटावरचा बिंदू उलटीवर का चालावा, याचे त्यांच्या दृष्टीने उत्तर मिळते.

उलटीची त्यांची उपपत्ती तर आपल्या वाचकांना अगदी ओळखीची वाटेल. जठरातल्या छीची स्वाभाविक गती खाली आहे. ती उलटली, वर चढली की मळमळ, ढेकर, उचकी, उलटी. आयुर्वेदातही वायूची गती उलटी होणे ही कल्पना आहेच. एवढ्यावरून दोन्ही शास्त्रे एकच, असे म्हणणाऱ्यांची आपल्याकडे कमी नाही. तसे मानायला मी तयार नाही. सुश्रुतसंहितेत १०७ मर्मे सांगितली आहेत आणि त्यांत मनगटाचे मणिबंध मर्मही आहे. पण सुश्रुताचा मुख्य भर तिथे इजा झाली तर काय बिघडते आणि शस्त्रकर्मात ती जागा कशी सांभाळावी यावर आहे. चिनी वैद्य मात्र बिंदूवर मुद्दाम सुई लावतो. हेतूच निराळा.

नेइग्वान एकटा क्वचितच वापरतात. उलटीत त्याच्या जोडीला गुडघ्याखालचा झूसानली किंवा बेंबी आणि छातीचे हाड यांच्या मध्यावरचा झोंगवान घेतात. पायाच्या आतल्या कडेवरचा गोंगसुन हा तर त्याचा ठरलेला जोडीदार. छाती, हृदय आणि जठर यांच्या तक्रारींत ही जोडी शास्त्रात एकत्रच सांगितलेली आहे. झोप न येणे, बेचैनी यांत मनगटाच्या घडीवरचा शेनमेन जोडीला येतो. याशिवाय उचकी, छाती भरून येणे, मनगटाचे दुखणे असे बरेच उपयोग पुस्तकांत आहेत. सगळ्यांची यादी देण्यात अर्थ नाही, कारण त्यांतल्या पुष्कळ उपयोगांची नीट तपासणी झालेली नाही. ज्याची झाली त्याकडे वळू.

बेलफास्टची तपासणी

उत्तर आयर्लंडमधील बेलफास्ट येथील क्वीन्स विद्यापीठात जॉन डंडी हे भूलशास्त्राचे प्राध्यापक होते. चीनच्या दौऱ्यात त्यांना एक गोष्ट दिसली. गर्भारपणाच्या पहिल्या महिन्यांत मळमळ होऊ नये म्हणून तिथे बायकांना दिवसातून काही वेळा नेइग्वान दाबायला सांगत. भूलतज्ज्ञाला उलटीचे महत्त्व सांगायला नको. शस्त्रक्रियेनंतर शुद्धीवर येणारा रुग्ण उलट्यांनी हैराण होतो, टाके ताणले जातात, कधी उलटी श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. डंडी यांनी स्त्रियांच्या किरकोळ शस्त्रक्रियांपूर्वी या बिंदूवर सुई लावून पाहिली, तुलनेसाठी दुसऱ्या काहींना बिंदू नसलेल्या जागी सुई लावली, आणि १९८६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. नेइग्वानवर सुई लावलेल्यांत मळमळ-उलटीचे प्रमाण बरेच कमी होते.

पण मला जास्त शिकवणारा वाटतो तो त्यांचा १९८८ चा गर्भवतींवरचा अभ्यास. त्यात सुई नव्हती, फक्त बोटाचा दाब होता. स्त्रियांचे तीन गट केले. एका गटाने नेइग्वान दाबायचा, दुसऱ्याने कोपराजवळची एक खोटी जागा, तिसऱ्याने काहीच नाही. चार दिवस प्रत्येकीने आपली नोंद ठेवायची. त्रासदायक मळमळ किती जणींना झाली? काहीच न करणाऱ्या ११९ जणींपैकी ६७. नेइग्वान दाबणाऱ्या ११९ पैकी २३. आणि खोटी जागा दाबणाऱ्या ११२ पैकी ४१.

हे तीन आकडे सावकाश वाचावेत. शेकड्यात मांडायचे तर ५६, १९ आणि ३७. पहिले दोनच छापले असते तर बिंदू रामबाण वाटला असता. तिसरा आकडा सांगतो की जागा चुकीची असली तरी पुष्कळ जणींना बरे वाटले. आपण काहीतरी करतो आहोत, कोणीतरी आपली विचारपूस करते आहे, चार दिवस लक्ष त्या दाबाकडे आहे, याचाही मळमळीवर परिणाम होतो. म्हणजे गुणाचा काही भाग मनाचा. तरी खऱ्या आणि खोट्या जागेत जो फरक उरतो तो बिंदूच्या खात्यावर मांडता येतो. कोणत्याही उपचाराची जाहिरात वाचताना तिसऱ्या गटाचे काय झाले, हा प्रश्न वाचकांनी विचारावा. बहुतेक जाहिरातींत तिसरा गटच नसतो.

डंडी यांनी आणखी एक गमतीचा प्रयोग केला. बिंदूच्या जागी आधी बधिर करणारे इंजेक्शन देऊन मग सुई लावली. गुण नाहीसा झाला. १९९१ मध्ये हे प्रसिद्ध झाले. यावरून एवढे तरी दिसते की काम मज्जातंतूंमार्फत होत असावे. छीची वाहिनी शवविच्छेदनात सापडलेली नाही, मीडियन मज्जातंतू मात्र तिथे नक्की आहे.

पुढे अनेक देशांत प्रयोग झाले. नोव्हेंबर १९९७ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने तज्ज्ञांची परिषद भरवली. ॲक्युपंक्चरच्या अनेक प्रयोगांचे निकाल संदिग्ध असल्याचे त्यांनी म्हटले, पण शस्त्रक्रियेनंतरच्या व कर्करोगाच्या औषधांनी होणाऱ्या उलट्यांबाबत निकाल आशादायक असल्याचे मान्य केले. २०१५ मध्ये कॉक्रेन या संस्थेने शस्त्रक्रियेनंतरच्या उलटीवरचे ५९ प्रयोग, एकूण ७,६६७ रुग्ण, एकत्र तपासले. खोट्या उपचाराच्या तुलनेत उलटीचे प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी कमी आढळले आणि नेहमीच्या उलटीरोधक औषधांशी तुलना करता विशेष फरक दिसला नाही. मात्र खोट्या उपचाराशी केलेल्या तुलनेतील पुरावा खालच्या प्रतीचा आहे, असेही त्यांनी स्पष्ट लिहिले आहे. गर्भारपणातल्या मळमळीबाबत आणि प्रवासात गाडी लागण्याबाबत निकाल संमिश्र आहेत. काहींना गुण येतो, काहींना नाही. एसटीने घाट चढताना ज्यांच्या पोटात ढवळते त्यांनी करून पाहायला हरकत नाही, खर्च शून्य आहे.

दाब कसा द्यावा

अंगठ्याच्या पेराने, नखाने नव्हे. दाब घट्ट पण सोसवेल इतका. दोन-तीन मिनिटे दाबून किंवा जागच्या जागी हलके गोल फिरवून मग दुसरा हात घ्यावा. दिवसातून चार-पाच वेळा चालेल. मळमळ सुरू होण्याआधी दाबलेले बरे. गाडीत बसण्यापूर्वी अर्धा तास, किंवा गर्भवतीने सकाळी अंथरुणातून उठण्यापूर्वी. बाजारात मनगटाला बांधायचे लवचिक पट्टे मिळतात, त्यांच्या आतल्या बाजूला एक गुंडी असते. ती बरोबर बिंदूवर यावी. पट्ट्याने बोटे निळसर किंवा बधिर झाली तर तो काढावा. हाताला सूज, जखम, गळू असेल, सलाईनची सुई तिथेच असेल किंवा डायलिसिससाठी त्या हातावर फिस्चुला केलेला असेल तर त्या हाताला हात लावू नये.

गर्भवतींसाठी आणखी एक सूचना. नेइग्वान परंपरेने वर्ज्य नाही. परंतु अंगठा व तर्जनीमधला हगू आणि घोट्याच्या वर असलेला सानयिनजिआओ हे बिंदू गर्भारपणात वर्ज्य मानले आहेत. एखादे पुस्तक हाती आले म्हणून दिसेल तो बिंदू दाबत सुटू नये.

आणि उलटी हे लक्षण आहे, रोग निराळा असतो. उलटीत रक्त किंवा कॉफीच्या गाळासारखे काळपट काही पडले, उलटी हिरवी झाली, डोक्याला मार लागल्यानंतर उलट्या सुरू झाल्या, ताप आणि मान आखडणे सोबत असले, पोट फुगून शौच व वारा बंद झाला, मधुमेही माणूस उलट्यांनी ग्लानीत जाऊ लागला, तर बिंदू शोधत बसू नये, दवाखाना गाठावा. लहान मुलाला जुलाब-उलट्या असतील तर पहिले काम जलसंजीवनी, चमच्याचमच्याने. सहा-आठ तास लघवी नाही, डोळे खोल गेले, रडताना अश्रू नाहीत, तर तातडीने डॉक्टर. गर्भवतीच्या पोटात पाणीसुद्धा ठरत नसेल, वजन उतरत असेल तर तिला सलाईन लागते. 'हे दिवसच असे असतात' म्हणून घरच्यांनी थांबू नये.

छातीत दुखत असेल तर

सुरुवातीला ज्या सावधपणाविषयी लिहिले तो हा. चिनी वैद्यकात छातीच्या व हृदयाच्या विकारांचा प्रमुख बिंदू म्हणून नेइग्वानचे नाव आहे. हे वाक्य पुस्तकातून उचलून अनेक ठिकाणी 'हृदयविकाराचा झटका आल्यास हा बिंदू दाबा' अशा स्वरूपात फिरते. ते घातक आहे. झटक्यात हृदयाची रक्तवाहिनी गुठळीने बंद झालेली असते. गुठळी विरघळवण्याचे इंजेक्शन किंवा अँजिओप्लास्टी जितकी लवकर, तितका हृदयाचा स्नायू वाचतो. मनगट दाबून गुठळी हलत नाही.

भरीस भर म्हणजे झटक्यात पुष्कळदा मळमळ आणि उलटीही होते. विशेषतः स्त्रिया, वृद्ध आणि मधुमेही यांच्यात छातीतली कळ सौम्य असून पोटात ढवळणे, घाम आणि दम एवढेच दिसू शकते. घरचे म्हणतात 'पित्त झालंय, गॅस धरलाय'. सोडा, आल्याचा रस, मग बिंदू, असे करता करता तास-दोन तास जातात. तेव्हा छातीत जड वाटणे किंवा आवळल्यासारखे होणे, कळ डाव्या हाताकडे, जबड्याकडे वा पाठीत जाणे, दरदरून घाम, कारण नसता दम आणि मळमळ, यांपैकी काही असेल तर १०८ ला फोन करावा किंवा मिळेल त्या वाहनाने इस्पितळात न्यावे. रुग्णाला चालवत नेऊ नये.

मग हृदयासाठी या बिंदूचा उपयोग काहीच नाही का? चीनमध्ये स्थिर प्रकारच्या अंजायनाच्या ४०४ रुग्णांवर केलेला एक प्रयोग २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात नेइग्वान आणि त्याच्या शेजारचा हृदयवाहिनीवरचा एक बिंदू वापरला होता, आणि छातीत दुखण्याचे प्रसंग कमी झाले. पण ते रुग्ण आधी तपासून निश्चित केलेले होते, त्यांच्या नेहमीच्या गोळ्या चालू होत्या, आणि सुया प्रशिक्षित माणसाने लावल्या होत्या. तीव्र झटक्यातल्या रुग्णांचा तो प्रयोग नव्हे.

सुईविषयी

घरी सुई लावू नये, हे सांगायला नको असे वाटते, तरी सांगतो. शिवणाची सुई तापवून लावणारे लोक आहेत. खाली मीडियन मज्जातंतू आहे हे वर आलेच. सुई चुकली तर बोटांत विजेचा झटका बसल्यासारखी कळ जाते, आणि मज्जातंतूला इजा झाली तर बधिरपणा बराच काळ राहू शकतो. शिकलेला चिकित्सक पातळ, पोलादी, निर्जंतुक सुई अर्धा ते एक त्सुन आत घालतो, झटका जाणवला की थांबून मागे घेतो. सुई पाकिटातून आपल्यासमोर काढलेली आणि एकदाच वापरायची असावी. वापरलेल्या सुईतून हिपॅटायटिस बी पसरतो. रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील किंवा कर्करोगाच्या उपचारात प्लेटलेट उतरल्या असतील तर आधी आपल्या डॉक्टरांना विचारावे.

चिकित्सकाची पात्रता विचारण्यात संकोच नको. केंद्र सरकारने २००३ मध्ये नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिकांना ॲक्युपंक्चर ही उपचाराची एक रीत म्हणून वापरण्याची मुभा दिली. महाराष्ट्रात या विषयाचा २०१५ सालचा स्वतंत्र कायदा आहे. आपण ज्यांच्याकडे जातो त्यांची नोंदणी आहे का, हे पाहावे.

जाता जाता एक खुलासा. ही विद्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांनी भारतात आणली, असे पुष्कळांना वाटते. १९३८ मध्ये काँग्रेसने चीनला पाठवलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकात ते होते, नागपूरचे डॉ. चोळकरही होते. कोटणीस तिथे शल्यविशारद म्हणून राबले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या ३२ व्या वर्षी, तिथेच वारले. ॲक्युपंक्चर शिकून आले ते याच पथकातले त्यांचे सहकारी, कलकत्त्याचे डॉ. विजयकुमार बसू. १९५० च्या दशकाच्या अखेरीस ते पुन्हा चीनला गेले, ही पद्धत शिकले आणि कलकत्त्यात तिचा वापर सुरू केला. कोटणीसांचे नाव पुढे ॲक्युपंक्चरच्या कामाशी जोडले गेले ते या मैत्रीतून.

पुढील आठवड्यात गुडघ्याखालच्या झूसानलीची ओळख करून घेऊ.